पक्की प्रत

बाबा गेले तेव्हा रोसारिओत जुलै होता, म्हणजे थंडी.
नदीवरचं धुकं स्वयंपाकघराच्या काचेला टेकलेलं.
साखरेच्या डब्यात, साखरेखाली,
प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद सापडला.
कोपऱ्यात मातेच्या पेल्याचं ओलं वर्तुळ,
आणि त्यांच्या रेखीव अक्षरात एवढंच:

मधमाशी, राख, लगाम, नदी, शरद, पीस,
गुडघा, मीठ, कंदील, कोपरा, जावई.

मोजले. अकरा.
बोट ठेवून मोजले, शाळेतल्यासारखे.
अकरा.

हवे होते बारा.
बारा शब्दांची ती किल्ली. हरवली
तर जगातला कुठलाही किल्लीवाला
सायकलवरून येत नाही.

बँकेचं नाव बाबांनी टाकलं होतं
त्या डिसेंबरापासून, जेव्हा शटरं खाली आली
आणि आई रस्त्यात उभी राहून पातेलं बडवत होती.
"ज्याला साहेब नाही, शिपाई नाही, असं काहीतरी हवं,"
म्हणायचे. सत्तरीत शिकले कॉइन, वॉलेट,
चष्मा कपाळावर, नाक फोनला चिकटलेलं.
तो फोन पुढे पारानात पडला,
मासे बघताना.

एकतीस वर्षं दैनिकाची मुद्रितं तपासली त्यांनी.
मंत्र्यांच्या भाषणातले जादा स्वल्पविराम
तांदळातल्या खड्यांसारखे वेचले.
एकदा एका मयताचं वय दुरुस्त केलं,
तर त्याच्या बायकोनं अर्धा डझन अंडी पाठवली.
लग्नपत्रिका, खोकल्याच्या बाटलीवरची चिठ्ठी,
माझी, माझी! प्रेमपत्रं,
त्यांच्या हातून काही सुटलं नाही.

असा माणूस शब्द गाळेल?

गादीची शिवण उसवली. फोटोंच्या पाठी खरवडल्या.
शब्दकोश पानापानानं झटकला,
त्यातून दातांच्या डॉक्टरचं बिल पडलं.
इर्मा आत्या म्हणाली, तुझ्या आईचं नाव असेल बघ.
एदेल्मिरा.
यादीत दोन हजार अठ्ठेचाळीस शब्द आहेत.
आई त्यात नाही.

शेवटी वरच्या मजल्यावरचा नाउएल आला,
मोजे वेगवेगळ्या रंगांचे.
"एकच गाळलाय ना, काकू? जागा बारा, शब्द दोन हजार.
हे बसेल मोजत."
हे शब्द कुणाला दाखवायचे नसतात म्हणे.
दाखवले.
रात्रभर लॅपटॉपचा पंखा घुरघुरत राहिला,
जसे बाबा, रात्रपाळी करून आल्यावर.

पहाटे साडेचारला त्यानं माझा खांदा हलवला.
"चौथा शब्द नदी," म्हणाला.
ते ठाऊक आहे रे. पुढे?
"पाचवा. नदी."

मग सगळं दिसलं.
पडद्यावर आलं असणार: लगाम, नदी, नदी, शरद.
कच्च्या कागदावर तसंच उतरलं असणार.
आणि पक्की प्रत करताना हात अडखळला,
एकतीस वर्षांचा हात.
एकच शब्द लागोपाठ दोनदा? जुळाऱ्याची डुलकी!
दुसऱ्या नदीच्या पोटातून
मनातल्या मनात ती वळणदार रेघ ओढली,
कच्चा कागद सूचनेबरहुकूम गॅसवर धरला
आणि शांत झोपले.
आकडे घातले नाहीत. मजकुरात आकडे
त्यांना आवडत नसत.

आत किती होते ते सांगत नाही.
आत्याला कळलं तर ती छपराचा विषय काढेल.

मी पेन्सिलीला टोक केलं.
नदी आणि शरद यांच्यामध्ये
कावळ्याच्या पावलाएवढं काकपद काढलं
आणि वर, माझ्या गिचमिड अक्षरात, लिहिलं: नदी.
त्यांच्या मजकुरातली माझी पहिली दुरुस्ती.
हात थोडा ओला झाला होता, शब्द फिसकटला.

नाउएलला म्हटलं, मोज.
त्यानं बोट ठेवत मोजलं. "बारा."
पुन्हा, मी म्हटलं.
पुन्हा.